लॅब्रॅडॉर की बीगल? एका कुटुंबाचा निर्णय

कुत्रा पाळायचे ठरले आहे, पण कोणत्या जातीचा आणायचा यावर घरात एकमत होत नाही, हा प्रश्न कौटुंबिक समुपदेशकाकडे यावा याचे काहींना नवल वाटेल. शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुटुंबांकडून तो आता वारंवार येतो आणि तो येईपर्यंत घरातले संवाद बरेचदा आटलेले असतात. येथे मांडलेले कुटुंब ठाण्यातले आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. प्रश्न आणि त्यातून निघालेली वाट मात्र जशीच्या तशी ठेवली आहे.

पती मुंबईत नोकरीला, पत्नी ठाण्यातच एका बँकेत, मुलगा अकरा वर्षांचा आणि पतीची आई बहात्तर वर्षांच्या. फ्लॅट दोन बेडरूमचा, सातव्या मजल्यावर. पत्नीला लॅब्रॅडॉर हवा होता, कारण नाशिकला माहेरी तिच्या लहानपणी लॅब्रॅडॉर होता आणि त्याच्याइतका शांत, समजूतदार प्राणी तिने पुन्हा पाहिला नव्हता. पतीचा आग्रह बीगलचा होता. त्यांच्या मते सातव्या मजल्यावरच्या घरात तीस किलोचा कुत्रा ठेवणे व्यवहार्य नव्हते आणि बीगल आटोपशीर, देखणा, मुलांना आवडणारा होता. दोघांनीही भरपूर वाचले होते आणि दोघांकडेही स्वतःच्या बाजूचे मुद्दे तयार होते. "मॅडम, तुम्हीच सांगा, फ्लॅटसाठी कोणता बरा?" असे विचारून ते माझ्या उत्तराची वाट पाहत बसले, तेव्हा मुलगा मान खाली घालून खुर्चीच्या कडेशी चाळा करत होता.

मी पशुवैद्य नाही, त्यामुळे आरोग्याच्या बाबतीत पशुवैद्याचा सल्ला घ्यावाच लागेल, हे मी आधी स्पष्ट केले. मात्र जातीचा स्वभाव ती जात मुळात कोणत्या कामासाठी घडवली गेली यावरून बराच उलगडतो आणि ही माहिती प्रत्येक कुटुंबाला निर्णयाआधी असायला हवी, असे माझे ठाम मत आहे. लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांसोबत थंड पाण्यात काम करत, जाळी आणि निसटलेले मासे ओढून आणत. पुढे ब्रिटनमध्ये शिकारीत पडलेले पक्षी तोंडात अलगद धरून मालकाकडे आणून देण्यासाठी ही जात तयार करण्यात आली आणि १९०३ साली तेथील केनेल क्लबने तिला मान्यता दिली. म्हणजे माणसाच्या बरोबरीने, त्याच्या खुणेकडे लक्ष ठेवून काम करणे हा या कुत्र्याचा पिंड आहे. बीगल घडवला गेला तो सशाच्या शिकारीसाठी. बीगलांचा कळप वास घेत पुढे धावत राही, लांब सूर काढून ओरडत राही आणि शिकारी त्या आवाजाच्या मागोमाग पायी चालत जाई. अमेरिकेत १९८४ पासून विमानतळांवर प्रवाशांच्या सामानातली बंदी असलेली फळे आणि मांस हुडकण्यासाठी बीगल वापरले जातात ते याच नाकामुळे.

हा इतिहास सांगण्याचे कारण फ्लॅटशी थेट जोडलेले आहे. आकाराने लहान म्हणजे सांभाळायला सोपा, ही समजूत मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटते आणि बीगलच्या बाबतीत ती सर्वांत जास्त फसवी ठरते. दहा-बारा किलोचा हा कुत्रा आनंदी आहे, मुलांशी त्याचे छान जमते, वरचेवर भांडणारा तर तो मुळीच नाही. पण कळपात राहण्यासाठी घडवलेल्या या प्राण्याला एकटेपणा फार जड जातो, आणि एकटा पडला की तो जो सूर काढतो तो सातव्या मजल्यावरून चौथ्या मजल्यापर्यंत सहज ऐकू जातो. शिवाय नाकाला एखादा वास लागला की मालकाच्या हाका त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे रस्त्यावर त्याला पट्ट्याशिवाय सोडता येत नाही. कुत्रा पाळण्यावर सोसायटीला बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. तरी रोज दुपारी झोपमोड होणाऱ्या शेजाऱ्यांशी संबंध कसे टिकवायचे, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात मिळत नाही.

लॅब्रॅडॉरचे प्रश्न निराळे आहेत आणि तेही मी तितक्याच स्पष्टपणे मांडले. पंचवीस ते पस्तीस किलो वजन, वर्षभर गळणारे दुहेरी थराचे केस, रोजचा दीड-दोन तासांचा व्यायाम आणि कधीही न भागणारी भूक. या भुकेमागे केवळ लाड नाहीत. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये भुकेच्या नियंत्रणाशी संबंधित एका जनुकात बिघाड असतो. वजन वाढले की कंबरेच्या आणि कोपरांच्या सांध्यांचे विकार, ज्यांकडे या जातीचा आधीच कल आहे, अधिक त्रास देतात. खर्चही वजनाबरोबर वाढतो, कारण अन्न तर अधिक लागतेच, पण गोचिडांवरच्या आणि जंतांवरच्या औषधांची मात्राही वजनावर ठरते. दोन्ही जाती बारा वर्षांच्या आसपास जगतात, बीगल अनेकदा त्याहून अधिक. म्हणजे आज पाचवीत असलेला मुलगा पदवीधर होईपर्यंत ही जबाबदारी चालणार आहे.

इतके ऐकल्यावर दोघेही पुन्हा आपापल्या बाजूने बोलू लागले. जातीचा वाद असा अडून बसतो तेव्हा प्रत्येकाच्या मनात एक चित्र असते आणि वाद त्या चित्रांमध्ये चाललेला असतो, असे मला नेहमी दिसते. म्हणून मी त्यांना विचारले की तुमच्या मनातला कुत्रा तुम्ही प्रत्यक्ष कुठे आणि कधी पाहिला होता. पत्नीने आठवून सांगितले की ती चार वर्षांची असताना तो लॅब्रॅडॉर घरात आधीपासून होता आणि चांगला मोठा होता. म्हणजे तिला आठवणारा शांतपणा हा सहा-सात वर्षांच्या, अंगणात वाढलेल्या, तिच्या वडिलांनी शिकवलेल्या कुत्र्याचा होता. चपला फाडणारे, सोफ्याचे पाय कुरतडणारे, दीड-दोन वर्षांपर्यंत अंगावर उड्या मारणारे लॅब्रॅडॉरचे पिल्लू तिने कधी पाहिलेच नव्हते. पतीचा बीगल होता त्यांच्या सहकाऱ्याच्या घरचा, तोही रविवारी दुपारी दोन तास पाहिलेला, म्हणजे सगळे कुटुंब भोवती असताना. सोमवारी दुपारी तो काय करतो हे त्यांना ठाऊक नव्हते.

दुसऱ्या भेटीला मी आजींना आवर्जून बोलावले. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात या वेळात घरात त्या एकट्याच असतात, दुपारी शाळेतून आल्यावर नातू असतो. तरीही त्यांचे मत तोवर कोणी विचारले नव्हते. कुत्र्याची त्यांना भीती नव्हती, गावी त्यांच्याकडे कायम कुत्री होती. "दिवसभर सोबत मिळाली तर मला नकोय का? पण त्याला खाली न्यायला आणि त्याच्या मागे पळायला मी नाही हो," असे त्या शांतपणे म्हणाल्या. मग पतीकडे वळून त्यांनी विचारले, "तुला माझ्या पडण्याची काळजी आहे, तर तसं सरळ सांग ना." दोन वर्षांपूर्वी त्या न्हाणीघरात पडल्या होत्या आणि मनगट मोडले होते. मोठ्या कुत्र्याचा धक्का लागून आई पुन्हा पडेल, ही पतीची खरी भीती होती आणि आईला आपण ओझे आहोत असे वाटू नये म्हणून त्यांनी ती फ्लॅटच्या आकारामागे लपवली होती. पत्नीला हे तेव्हाच कळले. त्यानंतर त्या दोघांचा सूर बदलला, कारण विरोध लॅब्रॅडॉरला किंवा तिच्या माहेरच्या आठवणीला नव्हता हे तिच्या लक्षात आले. मुलाला मी विचारले तेव्हा तो म्हणाला की त्याला कोणताही चालेल, फक्त तुम्ही भांडू नका, नाहीतर कोणताच येणार नाही.

मग मी त्यांना एक काम दिले, जे मी अशा बहुतेक कुटुंबांना देते. कुत्रा घरात आहे असे समजून दोन आठवडे त्याच्या फेऱ्या मारायच्या: सकाळी सहाला, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री दहाला, ज्याने जी वेळ मागून घेतली असेल त्याने त्या वेळी खाली उतरायचे आणि किमान अर्धा तास चालायचे. जुलै महिना होता, पाऊस मुसळधार होता, आणि म्हणूनच मला हा काळ योग्य वाटला. पत्नीने सकाळ निभावली. मुलगा संध्याकाळी नियमाने उतरला, चाचणी परीक्षेचे दिवस सोडून. रात्रीची फेरी पतीने घेतली होती, पण लोकलचा खोळंबा आणि उशिराच्या मीटिंगा यांमुळे ती बहुतेक वेळा चुकली; दुपारच्या फेरीला तर माणूसच नव्हता. हे सगळे वहीत लिहिलेले समोर आल्यावर पिल्लाचा विचार त्यांनी आपणहून बाजूला ठेवला. आठ-दहा आठवड्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी लघवीला न्यावे लागते, आणि तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याच्या दरम्यान माणसे, आवाज, लहान मुले, इतर प्राणी यांची त्याला जी सवय लागते ती पुढे आयुष्यभर पुरते. त्या घरात हे सारे आजींच्या अंगावर पडले असते.

येथे मी त्यांच्यासमोर आणखी एक गोष्ट ठेवली. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांविषयी मालकांनी दिलेली माहिती आणि त्यांतील दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुकीय विश्लेषण एकत्र तपासले गेले. त्यात कुत्र्याकुत्र्यांच्या वर्तनात आढळणाऱ्या फरकापैकी जेमतेम नऊ टक्के जातीने स्पष्ट होतो असे दिसले. जातीला काहीच अर्थ नाही, असा याचा अर्थ मी घेत नाही. बीगलचा सूर आणि लॅब्रॅडॉरचे वजन या खऱ्या गोष्टी आहेत. पण समोरचा एक विशिष्ट कुत्रा शांत असेल की उतावळा, हे जातीच्या नावावरून ठरवता येत नाही. पिल्लाच्या बाबतीत तो अंदाजच राहतो, तर प्रौढ कुत्र्याच्या बाबतीत ते डोळ्यांनी पाहता येते. आजींनी मध्येच सुचवले की मग आपले गावठीच का नको. प्रश्न अगदी रास्त होता, कारण आखूड केसांचा देशी कुत्रा आपल्या हवेला अधिक सरावलेला असतो. शांत स्वभावाचा प्रौढ देशी कुत्रा मिळाला तर तोही पाहायचा, असे त्यांनी ठरवले.

शोधायला सुमारे तीन महिने लागले. त्यांनी विक्रेत्यांकडे न जाता प्राणी दत्तक देणाऱ्या स्वयंसेवकांशी आणि आपल्या पशुवैद्यांशी संपर्क ठेवला. अखेर परदेशी जाणाऱ्या एका कुटुंबाची पाच वर्षांची, नसबंदी झालेली लॅब्रॅडॉर मादी त्यांना कळली. घेण्याआधी ते चार वेगवेगळ्या वेळी तिला भेटले, एकदा आजींना घेऊन. दारावरची घंटा वाजल्यावर ती काय करते, ताटाजवळ हात नेल्यावर गुरगुरते का, चालताना पट्टा किती ओढते, हे पाहायला मी सांगितले होते. पशुवैद्यांनी कंबरेच्या सांध्यांचा एक्स-रे काढला, रेबीजच्या आणि इतर लसींची कागदपत्रे तपासली आणि वजन पाच किलोने अधिक असल्याचे सांगून खाण्याचे प्रमाण लिहून दिले. महापालिकेचा परवानाही त्यांनी लगेच काढला.

मी त्यांना बीगल घेऊ नका असे कधीच म्हटले नाही. घरात दिवसभर चालते-फिरते माणूस असते, मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असता आणि शेजार सोशिक असता तर माझा कल कदाचित बीगलकडेच झुकला असता. एक गोष्ट तर बीगलच्या बाजूने आजही खरी आहे: अकरा वर्षांच्या मुलाला त्याचा पट्टा सांभाळता येतो, तीस किलोच्या लॅब्रॅडॉरने अचानक ओढ घेतली तर सांभाळता येत नाही. म्हणून या घरात मुलगा एकटा तिला खाली नेत नाही. दुपारच्या फेरीसाठी त्यांनी पगारी माणूस ठेवला आहे, त्याचे पैसे पती देतात आणि रात्रीची फेरी चुकवण्याचा हक्क त्या बदल्यात त्यांना मिळालेला नाही. आजींच्या खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या दाराला बुटकी फाटके बसवली आहेत, कारण चालताना पायात आलेला कुत्रा हाच खरा धोका असतो. आजी पट्टा हातात धरत नाहीत, हा नियम त्यांनी स्वतः घातला. केसांची कुरकुर मात्र त्या रोज करतात.

सध्या आमच्यापुढे मे महिन्यातल्या कोकणच्या सहलीचा प्रश्न आहे. तिला बरोबर न्यायचे की ठाण्यातच कुणाकडे ठेवायचे, यावर पुन्हा मतभेद आहेत. पाच वर्षे एका घरात राहून नुकत्याच दुसरीकडे रुळलेल्या कुत्रीला इतक्या लवकर तिसऱ्या अनोळखी जागी सोडू नये, असे मी त्यांना सांगितले आहे. तिकिटे काढण्याआधी चौघांनी मिळून ते ठरवायचे आहे आणि या वेळी आजी पहिल्या भेटीपासून येणार आहेत.