क्रूझवर किड्स क्लब असला की आईबाबा खरंच दिवसभर मोकळे होतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : कोथरूडला राहता, मुलगा ७ वर्षांचा, मुलगी पावणेतीनची आणि ऑगस्टमध्ये तिला ३ पूर्ण होतील. मे महिन्यात सासू-सासऱ्यांना घेऊन मुंबई-गोवा किंवा सिंगापूरहून क्रूझ करायचा विचार आहे. एजंट म्हणतोय, "मुलांना सकाळी क्लबमध्ये सोडा, रात्री घेऊन जा, सगळं तिकिटात आहे."

मुलाच्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे. मुलीच्या बाबतीत, मे महिन्यात तरी, जवळजवळ खोटं.

क्रूझ कंपन्यांचा फुकटातला किड्स क्लब बहुतेक ठिकाणी पूर्ण ३ वर्षांपासून सुरू होतो, आणि वय मोजतात ते जहाजात चढायच्या दिवशीचं. 'तीन होत आलीयेत' हे तिथे चालत नाही. काउंटरवर पासपोर्टवरची जन्मतारीख बघतात आणि संगणक त्या गटात नाव घेतच नाही. कार्निव्हलसारखी एखादी कंपनी २ वर्षांपासून घेते, डायपरसुद्धा बदलते, पण तिची जहाजं मुख्यतः अमेरिकेतून सुटतात, तुमच्या उपयोगाची नाहीत. ३ वर्षांखालच्या मुलांसाठी काही मोठ्या जहाजांवर नर्सरी असते. रॉयल कॅरिबियन आणि डिस्ने ६ महिन्यांपासून घेतात, पण तासावर पैसे लागतात, जागा मोजक्या असतात आणि संध्याकाळचे तास लवकर भरतात. म्हणजे सोय आहे, पण ती तिकिटात नाही. एजंटला या दोन गोष्टींतला फरक माहीत नसतो, किंवा सांगायचा नसतो.

तीन पूर्ण झाल्यावरही एक अट उरतेच, आणि बहुतेकांची फजिती होते ती तिथे. मूल स्वतःहून बाथरूमला जाणारं हवं. डायपर नको, पुल-अप म्हणजे चड्डीसारखा डायपरही नको, 'फक्त दुपारच्या झोपेला घालतो' हेही नको. कर्मचारी मुलाला बाथरूमच्या दारापर्यंत सोडतात, पण धुवून-पुसून देत नाहीत. अपघात झाला तर तुम्हाला फोन करून बोलावतात. दोन-तीनदा झालं की नम्रपणे सांगतात, आता या फेरीत नको.

आपल्या मुलांची इथे एक खास अडचण आहे. परदेशी जहाजांवर क्लबच्या बाथरूममध्ये जेट स्प्रे नसतो, नुसता कागद असतो. पुण्यातल्या तीन वर्षांच्या मुलाला कागदाचं काय करायचं हे ठाऊकच नसतं. ते आत उभं राहून आईला हाक मारतं, आई असते सात मजले खाली. त्यामुळे निघायच्या आधी निदान तीन आठवडे घरी सराव करून घ्या : इलॅस्टिकची चड्डी स्वतः खाली-वर करणं, कागदाने पुसणं, फ्लश, साबणाने हात. बटणांची डंगरी दिसायला गोड असली तरी क्लबमध्ये पाठवताना कपाटातच राहू द्या.

दुसरा सराव भाषेचा. क्लबमधले लोक इंग्रजीत बोलतात. "शू आली" हे फिलिपिनो ताईला कळणार नाही, आणि मूल तिच्याकडे बघत राहून शेवटी जे व्हायचं ते होतं. टॉयलेट, वॉटर, टमी पेन, कॉल मम्मी, नो मीट, एवढे पाच प्रकार तोंडात बसले तरी पुरे. मराठी माध्यमातल्या सात वर्षांच्या मुलाला खेळायला भाषा फारशी लागत नाही. प्रश्नमंजूषेत तो मागे पडेल, पण हस्तकला, नाच, खजिना शोधणं आणि व्हिडिओ गेममध्ये नाही.

गट कसे पाडलेत तेही बघा, कारण ७ हे वय मध्येच अडकतं. एमएससी कंपनीच्या जहाजांवर ३ ते ६ आणि ७ ते ११ असे गट आहेत, म्हणजे तुमचा मुलगा अकरा वर्षांच्या दांडग्यांमध्ये सगळ्यांत धाकटा. नॉर्वेजियन कंपनीच्या जहाजांवर ३ ते ५, ६ ते ९, १० ते १२, तिथे तो बरोबर मधोमध. लाजरा असेल तर हा फरक मोठा आहे. आणि भाऊ-बहीण वेगळ्या गटांत पडले तर वेगळ्या खोल्यांत जातील. धाकटीला "दादासोबत ठेवा" ही विनंती सहसा मान्य होत नाही. मोठ्याला खालच्या गटात बसवायला काही कंपन्या तयार होतात, पण सात वर्षांचा मुलगा ते किती वेळ सहन करेल हे तुम्हीच जाणता.

आता 'दिवसभर' या शब्दाबद्दल. क्लबचं वेळापत्रक असतं. ठरावीक नमुना म्हणजे सकाळी ९ ते १२, दुपारी २ ते ५, संध्याकाळी ७ ते १०. मधल्या वेळात बंद, पुण्यातल्या दुकानांची आठवण व्हावी असं. जेवण तुम्ही भरवायचं. डिस्नेवर क्लबमध्येच जेवण मिळतं, तो अपवाद. रात्री १० नंतर बहुतेक ठिकाणी क्लब उघडा असतो, पण तासाला आणि मुलामागे पैसे लागतात. अंदाजपत्रकात तासाला १० डॉलरच्या आसपास धरून ठेवा. न्यायला उशीर केलात तरी बिल केबिनच्या खात्यावर येतं.

बंदराच्या दिवशीही क्लब सुरू असतो, पण तुम्ही जहाजातून उतरणार असाल तर ते आधी सांगावं लागतं, आणि मुलांना क्लबमध्ये ठेवून उतरायची परवानगी आहे का हे प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे. आजी-आजोबा जहाजावर थांबणार असतील तर प्रश्नच नाही. फक्त नोंदणीच्या फॉर्ममध्ये मुलांना घेऊन जाऊ शकणाऱ्यांमध्ये त्यांची नावं घाला. हे लोक विसरतात. मग आजोबा दारात उभे, नातू आतून "आबा!" म्हणून हाका मारतोय, आणि कर्मचारी सोडायला तयार नाही. तिचं काहीच चुकत नाही, तिच्या यादीत आबा नाहीत.

दारावरची पद्धत साधारण अशी असते. अर्ध्या उंचीचं फाटक, शेजारी काउंटर. पहिल्यांदा जाता तेव्हा फॉर्म : ॲलर्जी, दमा, फिट्स, चालू औषधं, न्यायला कोण येणार, परवलीचा शब्द. मुलाच्या मनगटावर पट्टी बांधतात. संकटकाळी कुठल्या ठिकाणी जमायचं त्याचा क्रमांक त्या पट्टीवर असतो, म्हणून आंघोळीला किंवा पोहायला जाताना ती काढायची नसते. सायरन वाजला तर क्लबकडे धावत सुटू नका, कर्मचारी मुलांना ठरलेल्या जागी आणतात. सुरक्षेच्या पहिल्या कवायतीतच तुमचं ठिकाण आणि मुलांना कुठून घ्यायचं हे विचारून ठेवा. न्यायला गेलात की शब्द विचारतात, कार्ड बघतात, सही घेतात. आठ-नऊच्या पुढच्या मुलांना पालकांच्या लेखी परवानगीने एकट्याने बाहेर पडता येतं. सातच्या मुलाला नाही, आणि नसावंच.

औषधं क्लबमध्ये देत नाहीत. क्रोसिनचा एक चमचाही नाही. इनहेलर किंवा तीव्र ॲलर्जीचं इंजेक्शन लागत असेल तर पहिल्या दिवशी प्रमुखाला भेटून काय करायचं ते ठरवून घ्या. मूल कुठल्या विकासविषयक अडचणीचं असेल तर आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवा. बऱ्याच कंपन्या गट आणि बाथरूमच्या अटीत सवलत देतात, पण दारात उभं राहून मागितली तर नाही.

आजारपणात लपवालपवी अजिबात नको. जहाजावर नोरोव्हायरस फार वेगाने पसरतो, म्हणून जुलाब-उलटी म्हटलं की मुलाला क्लबमधून काढतात आणि लक्षणं थांबल्यावरही एक-दोन दिवस घेत नाहीत, कधी केबिनमध्येच थांबायला सांगतात. गंमत म्हणजे बोट लागून झालेली उलटीही दारात तशीच दिसते. म्हणून मूल गाडीत लोणावळ्याच्या घाटातच हिरवं पडत असेल तर मुलांच्या डॉक्टरांना विचारून औषध आणि वयानुसार मात्रा लिहून घ्या (आपल्या मनाने मोठ्यांच्या गोळीचा तुकडा नको, २ वर्षांखाली तर नाहीच), आणि केबिन जहाजाच्या मध्यावर, खालच्या डेकवर मागा. तिथे हलणं कमी जाणवतं. नोरोव्हायरसवर सॅनिटायझर नीट चालत नाही, साबण-पाणीच लागतं. क्लबमधून आल्यावर आणि जेवायच्या आधी, दोन्हीवेळा.

पाण्याबद्दल दोन गोष्टी. डायपरमधल्या मुलांना तलावात सोडत नाहीत, स्विम डायपर घातला तरी. काही जहाजांवर त्यांच्यासाठी वेगळी कारंज्यांची जागा असते, ती आहे का ते विचारा. दुसरी, जास्त महत्त्वाची : क्लब मुलांना पोहायला नेत नाही, आणि सगळ्याच जहाजांवर जीवरक्षक नसतो. तलावापाशी एक मोठं माणूस, हातात फोन न घेता, हे तुमचंच काम.

खाण्यात शाकाहारींनी एवढंच बघावं की क्लबमध्ये मधूनच मिळणारे मार्शमेलो आणि जेलीच्या गोळ्या यांत बहुधा जिलेटिन असतं. फॉर्मवर लिहा आणि तोंडीही सांगा. बाकी वरण-भात खाणाऱ्या मुलांचे हाल सिंगापूरकडच्या जहाजांवर होत नाहीत, भारतीय प्रवासी इतके असतात की भारतीय जेवण मिळतंच. मेतकुटाची पुडी मात्र राहू द्या सोबत.

आता मुंबई-गोवा की सिंगापूर? मुलांच्या क्लबसाठीच निवडायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे : दोन रात्रींची फेरी क्लबच्या दृष्टीने वाया जाते. पहिल्या दिवशी दुपारी चढता, संध्याकाळी नोंदणी, मूल आईला चिकटलेलं. दुसऱ्या दिवशी ओळखी होतात आणि रमतं. तिसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं. तीन ते पाच रात्री असतील तरच मुलगा "मला परत जायचंय क्लबमध्ये" म्हणण्यापर्यंत पोचतो. मुंबई-गोवा फेऱ्या करणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' हे जहाज १९९० साली बांधलेलं आहे. मुलांसाठी कार्यक्रम आहेत, आपली भाषा बोलणारे लोक आहेत, पासपोर्ट-व्हिसाची कटकट नाही, पण नव्या प्रचंड जहाजांवरच्या घसरगुंड्या आणि तीन-तीन खोल्यांचा क्लब त्यात बसूच शकत नाही. आजी-आजोबांना समुद्र दाखवायचा आणि मुलांना बोट मानवते का ते बघायचं, यासाठी ते उत्तम. सिंगापूरहून जाणारं 'गेंटिंग ड्रीम' २०१६ चं, बरंच मोठं. सात वर्षांच्या मुलाला तिथे जास्त काही सापडेल.

आणि मे ऐवजी दिवाळीची सुट्टी घ्या. तोवर मुलीला ३ पूर्ण, पावसाळ्यानंतर मुंबईचा हंगामही सुरू झालेला, आणि बाथरूमच्या सरावाला उन्हाळा-पावसाळा हाताशी. शाळेची सुट्टी असल्याने भाडं चढं असेल, पण तीच मुलं क्लबमध्ये सोबतीला असतात. शाळा चालू असताना स्वस्तात गेलात तर सातच्या गटात तीन मुलं आणि दोन ताया, असंही होतं.

मुंबईला जाताना चेक-इनची सर्वांत लवकरची वेळ घ्या आणि एक्स्प्रेसवेच्या घाटातली कोंडी धरूनच निघा. त्याचं कारण रांग नाही, पहिली संध्याकाळ आहे. चढल्या दिवशी दुपारी क्लब सगळ्यांना बघायला उघडा असतो, तेव्हा मुलांसोबत आत जाऊन बसता येतं. नोंदणी तेव्हाच उरकते, आणि मुलांची टोळकी त्याच संध्याकाळी जमतात. मोठ्या बॅगा केबिनमध्ये संध्याकाळी उशिरा येतात, म्हणून पोहायचे कपडे, मोजे, औषधं, डायपर आणि कपड्यांचा एक जादा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. स्वेटरवर नाव लिहा. क्लबमध्ये एसी कडक असतो आणि एकाच रंगाचे दहा स्वेटर जमिनीवर पडलेले असतात.

मुलीला सोडताना पहिल्यांदा तास-दीड तासच सोडा आणि हाक येईल अशा अंतरावर थांबा. रडली तर कर्मचारी थोडा वेळ समजावतात, मग ॲपवर किंवा केबिनच्या फोनवर कळवतात. फोन केबिनमध्ये वाजत राहिला आणि तुम्ही थिएटरमध्ये, असं होऊ नये म्हणून संपर्क कसा करणार हे सोडतानाच विचारा, आणि जहाजाचं ॲप पुण्यात असतानाच उतरवून घ्या. समुद्रात ते उतरवणं महागात पडतं.

पैसे भरायच्या आधी एजंटकडून व्हॉट्सॲपवर लेखी उत्तरं घ्या : आमच्या तारखेला दोन्ही मुलं कुठल्या गटात, त्या जहाजावर क्लबचे तास कोणते, रात्री १० नंतरचा दर किती, ३ वर्षांखालच्यांसाठी नर्सरी आहे का आणि तिचं आरक्षण कधी उघडतं, बंदरावर आम्ही उतरलो तर मुलं क्लबमध्ये राहू शकतात का. "सगळं होतं हो तिथे" असं उत्तर आलं तर कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर स्वतः विचारा, जहाजाचं नाव सांगून, कारण एकाच कंपनीच्या दोन जहाजांवरही हे वेगळं असतं.