इतिहासाची जुनी साधनं घरबसल्या मिळतील का?

प्रश्न: मी मराठ्यांच्या इतिहासावर पीएचडी करतेय, पण गाव आडबाजूला, सारखं पुण्याला जाणं परवडत नाही. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी छापलेल्या जुन्या कागदपत्रांचे खंड ऑनलाइन फुकट मिळतील का?

उत्तर: मिळतात की! ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा, एकूण खंड २२, आणि त्यातल्या बऱ्याच खंडांचे स्कॅन इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात आहेत. फक्त देवनागरीत सर्च करून थांबू नका, कारण डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियातून तिथं आलेल्या पुस्तकांची नावं रोमन अक्षरांत, कशीही स्पेलिंगं करून चढवलीयत, मग चारपाच स्पेलिंगं, नुसतं आडनाव, सगळं टाकून बघायचं, चिकाटी लागते पण पुस्तक सापडतं. जेस्टोर या शोधनिबंधांच्या साइटवरचं साउथ एशिया ओपन आर्काइव्हज हे दक्षिण आशियाविषयीच्या साहित्याचं मोफत दालनही बघाच, लॉगिन लागत नाही. जुना शब्द अडला तर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर शोधता येतो, मला तर हे फार मोलाचं वाटतं.

एक मात्र कळकळीनं सांगते, स्कॅनमध्ये मधलीच पानं गायब असतात, तेव्हा संदर्भ देताना आवृत्ती आणि छापील पान क्रमांक लिहा, पीडीएफचा नको.