काकूंचं ताट वेगळं कशाला?

या महिन्यात टपालात कॅन्सरचेच प्रश्न जास्त आलेत, म्हणून डायबेटिसवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबा प्लीज.

प्रश्न : आमच्या काकूंना ब्रेस्ट कॅन्सर झाला, मुंबईला ऑपरेशन करून आता घरी आणलंय. सासूबाईंनी त्यांचं ताट-तांब्या वेगळा केलाय आणि पोरांना जवळ जाऊ देत नाहीत. उष्ट्यातून, श्वासातून कॅन्सर पसरतो का? — एक सून, गुहागर

नाही, अजिबात नाही, आणि आधी तो तांब्या जागेवर ठेवा मग पुढचं वाचा. कॅन्सरची पेशी ही काकूंच्याच अंगातली, ती समजा चुकून तुमच्या पोटात गेली तरी तिथे टिकणार नाही, आणि रक्तात गेली तरी एरवी तुमची प्रतिकारशक्ती तिला परकी म्हणून ओळखून संपवते. प्राण्यांत मात्र अपवाद आहेत. टास्मानियन डेव्हिल एकमेकांना चावतात त्यातून त्यांचा चेहऱ्यावरचा कॅन्सर पसरतो, आणि उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या काही शिंपल्यांत ल्युकेमियासारखा कॅन्सर एकातून दुसऱ्यात जातो हे 2015 मध्ये सापडलं. आता यावरून कोणी तिसऱ्या (आपल्या शिंपल्या) खायच्या सोडू नका, तो माणसाला होत नाही! काही व्हायरस पसरतात आणि पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो हे खरं, उदाहरणार्थ एचपीव्ही किंवा हिपॅटायटिस बी, पण त्यांच्यावर लस आहे आणि काकूंच्या ताटाशी त्याचा काही संबंध नाही. सासूबाईंना हे उत्तर मोठ्याने वाचून दाखवा.

प्रश्न : मी बीएस्सीला आहे. कॅन्सर म्हणजे डीएनएतली गडबड असं शिकलो, मग पेशी एकमेकींशी बोलतात त्याचा यात काय रोल? — एक विद्यार्थी, रत्नागिरी

गडबड डीएनएतच सुरू होते, बरोबर आहे, पण एक पेशी बिघडली म्हणून लगेच गाठ होत नाही कारण आजूबाजूच्या पेशी तिला आवर घालत असतात. आपल्याकडे गडगा वीतभर सरकवला तरी शेजारी बोंब मारतो ना, तसंच काहीसं. काचेच्या डिशमध्ये नॉर्मल पेशी वाढवल्या तर एकमेकींना टेकल्या की वाढ थांबवतात, कॅन्सरच्या पेशी मात्र एकीवर एक चढत जातात. 1966 मध्ये वर्नर लोवेनस्टाइन आणि योशिनोबू कॅनो यांनी उंदराच्या लिव्हरच्या पेशींत बारीक इलेक्ट्रोड खुपसून पाहिलं, तर निरोगी लिव्हरमध्ये करंट एका पेशीतून शेजारणीत आरामात जात होता, गाठीतल्या पेशींत जाईना. शेजारी पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात, गॅप जंक्शन म्हणतात त्यांना, त्या तिथे बंद होत्या.

तेव्हा वाटलं की झालं, कॅन्सर म्हणजे बोलणं बंद! पण ते इतकं सोपं निघालं नाही. मेंदूत पसरलेल्या कॅन्सरच्या पेशी याच नळ्या तिथल्या अॅस्ट्रोसाइट (मेंदूला आधार देणाऱ्या) पेशींशी जोडून स्वतःचा जीव वाचवतात असंही पुढे दिसलं. म्हणजे माझ्या मते कॅन्सर मुका नसतो, भयंकर बोलका असतो, फक्त दुसऱ्याचं ऐकत नाही. ज्यूडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडलं की नवीन रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत तर गाठ एकदोन मिलिमीटरच्या पुढे फारशी जात नाही, म्हणून ती व्हीईजीएफसारखे सिग्नल सोडून रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढून घेते. काही ब्रेस्ट कॅन्सरमध्ये 'वाढ' हा निरोप आत पोचवणारे हर-टू रिसेप्टर पेशीवर गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात, त्यांना अडवणारं ट्रास्टुझुमॅब 1998 मध्ये आलं (वरच्या गुहागरच्या ताई, काकूंच्या रिपोर्टवर हर-टू काय लिहिलंय ते डॉक्टरांना विचारून घ्या).

आणि सगळ्यात बेरकी प्रकार म्हणजे पीडी-एल-वन. मारायला आलेल्या टी पेशीला (ही आपल्या प्रतिकारशक्तीची शिपाई) कॅन्सरची पेशी हे प्रोटीन दाखवते आणि टी पेशी गप्प बसते. टी पेशींना असं थांबवणाऱ्या खुणा अडवता येतात या शोधाबद्दल जेम्स अॅलिसन आणि तासुकू होंजो यांना 2018 चं नोबेल मिळालं. अशा खुणा अडवणारी औषधं प्रचंड महाग, पण मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने डोक्या-मानेच्या कॅन्सरचे, बरे होण्यापलीकडे गेलेले पेशंट घेऊन त्यातलंच निव्होलुमॅब फक्त 20 मिलिग्रॅम दिलं, म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, गोळ्यांच्या केमोसोबत. वर्षभराने जिवंत असलेल्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवर 16.3 टक्के होतं ते 43.4 टक्क्यांवर गेलं. 2022 मध्ये हे छापून आलं. तंबाखू-गुटख्याच्या आपल्या पट्ट्यात ही बातमी घरोघरी माहीत हवी होती, असो.

प्रश्न : गाठीला सुई लावली की कॅन्सर भडकतो म्हणतात, म्हणून वडील बायोप्सीला तयार नाहीत. — देवगड

भडकत नाही. सुईच्या वाटेवर पेशी सांडणं फार क्वचित घडतं आणि डॉक्टर ते धरूनच सुई कुठून घालायची ते ठरवतात. मुळात नुसत्या पेशी सुटल्या म्हणून कॅन्सर पसरत नाही. शेजारणीला धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन सुटावं लागतं, मग रक्तात तग धरायचा, मग नवीन जागी तिथल्या पेशींनी साथ द्यायची, यात बहुतेक पेशी वाटेतच मरतात. स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्ये ब्रेस्ट कॅन्सरने गेलेल्या 735 बायकांच्या नोंदी तपासल्या आणि कॅन्सर कुठेही कसाही जात नाही, ठरावीक अवयवच धरतो हे दाखवलं होतं. वडिलांना एवढंच सांगा की बायोप्सीशिवाय कोणतं औषध चालेल तेच कळणार नाही. सुईला घाबरून तीन महिने झाडपाला लावत बसले तर तेवढ्यात गाठ खरंच पसरू शकेल, आणि मग उशिरा सुई लावली की सगळे म्हणणार, बघा, सुईमुळेच झालं.

प्रश्न : आवशीच्या तोंडात पांढरो डाग आसा, मिश्री लावता ती. दुखणा नाय, मगे दाखवूची घाई कित्याक? — मालवण

दुखत नाही म्हणूनच घाई. असा डाग सुरुवातीला दुखत नाही, आणि सगळे डाग कॅन्सरकडे जात नाहीत पण कुठला जाणार ते आरशात बघून कोणालाच सांगता येत नाही. मिश्री आजपासून बंद, आणि याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात न्या, तिथे लांब पडत असेल तर बाजारातल्या डेंटिस्टला दाखवलं तरी चालेल, डाग बघायची सवय त्यालाही असते.