वाचकांचे प्रश्न : राखाडी चित्रे आणि छपाई

प्रश्न : मी वर्डमध्ये एका स्मरणिकेची मांडणी करीत आहे. तिच्यातील जुनी कृष्णधवल छायाचित्रे पडद्यावर स्वच्छ दिसतात. परंतु लेझर प्रिंटरवर छापली की केस आणि गडद कपडे मिळून एकच काळा डाग होतो व चेहऱ्यावरच्या छटा नाहीशा होतात. छापताना ‘ग्रेस्केल’ (राखाडी छटांची पद्धत) निवडूनही काही फरक पडला नाही. दोष फाइलचा समजावा की प्रिंटरचा?

उत्तर : दोषाचा काही भाग दोघांचाही नाही, आणि तेवढा भाग आधी बाजूला काढावा लागेल. एकरंगी लेझर प्रिंटरकडे राखाडी टोनर (शाईची पूड) नसतो; त्याला कागदावर काळा ठिपका उमटवता येतो किंवा जागा कोरी सोडता येते. राखाडी छटा हा ठिपक्यांच्या जाळीने डोळ्यांना होणारा भास असतो. प्रिंटर इंचाला ६०० ठिपके छापत असेल आणि जाळी इंचाला १०० ओळींची असेल, तर जाळीच्या एका घरात ६ गुणिले ६ म्हणजे ३६ ठिपके मावतात आणि कोरा कागद धरून फार तर ३७ छटा मिळतात. आपल्या छायाचित्रात मात्र त्या २५६ असू शकतात. शिवाय साध्या कागदावर ठिपका ठरल्यापेक्षा थोडा मोठाच उमटत असल्यामुळे गडद भागातील पांढऱ्या फटी सर्वांत आधी बुजतात. त्यामुळे पडद्याइतका तपशील कागदावर येणार नाही, हे धरूनच चालावे.

मात्र चेहऱ्यावरच्या छटाही जात असतील, तर त्याला वेगळे कारण असले पाहिजे. ते शोधण्यासाठी दस्तऐवजाची पीडीएफ तयार करावी आणि ती पडद्यावर मोठी करून पाहावी. पीडीएफमध्येच छटा गेलेल्या असतील तर प्रिंटरला हात लावण्याचे कारण नाही. अशा वेळी वर्डमध्ये चित्र निवडून ‘पिक्चर फॉरमॅट’मधील ‘कलर’ उघडावे. तेथे ‘ग्रेस्केल’ आणि ‘ब्लॅक अँड व्हाइट’ हे पर्याय एकाच तक्त्यात असतात आणि घाईत दुसऱ्यावरच क्लिक होण्याची शक्यता बरीच असते. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ ठरावीक मर्यादेपेक्षा गडद असलेले सर्व काही काळे आणि फिकट असलेले सर्व काही पांढरे करून टाकते. तेथे ‘नो रिकलर’ निवडल्यास मूळ चित्र परत मिळते. हीच चूक स्कॅनरवर झाली असेल, म्हणजे छायाचित्र ‘टेक्स्ट’ किंवा ‘ब्लॅक अँड व्हाइट’ पद्धतीने स्कॅन केले असेल, तर ते पुन्हा ८ बिट (म्हणजे २५६ छटांच्या) ग्रेस्केलमध्ये स्कॅन करण्यावाचून उपाय नाही. गेलेल्या छटा कोणतेही सॉफ्टवेअर खऱ्या अर्थाने परत आणू शकत नाही.

पीडीएफ चांगली दिसत असेल, तर प्रिंटरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन छपाईचा दर्जा ‘ड्राफ्ट’वर नाही, टोनर वाचवण्याची सोय चालू नाही आणि टोनरची घनता वाढवून ठेवलेली नाही, या गोष्टी तपासाव्यात. त्यानंतर एकाच पानावर तेच छायाचित्र चार वेळा लहान आकारात ठेवावे, ‘करेक्शन्स’मधून ब्राइटनेस अनुक्रमे ०, १०, २० आणि ३० टक्के वाढवावा आणि ते पान स्मरणिकेसाठी ठरवलेल्या कागदावरच छापून पाहावे. पडद्यावर जे चित्र जरा फिकट आणि विटके वाटते, तेच बहुधा कागदावर योग्य उतरते. चित्र-संपादनाचे सॉफ्टवेअर हाताशी असेल, तर सरसकट ब्राइटनेस वाढवण्याऐवजी ‘लेव्हल्स’मधील मधला दर्शक सरकवून फक्त मधल्या छटा उजळाव्यात, असे मी सुचवेन, त्यात काळा काळाच राहतो. वर्ड चित्रांचे आकुंचन (कॉम्प्रेशन) करते, त्यामुळे तपशील जात असेल, ही शंका अनेकांना येते. पण त्यातील छपाईचा २२० पीपीआय (इंचाला २२० चित्रबिंदू) हा पर्याय वर सांगितलेल्या जाळीला पुरून उरतो. ईमेलसाठीचा ९६ पीपीआयचा पर्याय तेवढा टाळावा.

प्रश्न : लिबरऑफिस रायटरमध्ये चित्राची पद्धत ग्रेस्केल केली आहे, तरीही माझ्या रंगीत इंकजेटवर ते हिरवट छापले जाते आणि रंगीत शाईही खर्च होते. असे का?

उत्तर : दस्तऐवज प्रिंटरला केवळ एवढेच कळवतो की, या बिंदूत लाल, हिरवा आणि निळा समान प्रमाणात आहेत. तो राखाडी रंग काळ्या शाईने छापायचा की निळसर, किरमिजी आणि पिवळी शाई मिसळून, हा निर्णय प्रिंटरचा ड्रायव्हर (संगणकातील प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर) घेतो. मिश्रणातील एखादी शाई कमी पडली किंवा तिचे छिद्र तुंबले की चित्रावर रंगाची झाक येते. किरमिजी शाई कमी पडली तर ती झाक हिरवट असते. लिबरऑफिसच्या छपाईविषयक पर्यायांतील रंगांचे ग्रेस्केल करण्याची खूण येथे उपयोगी पडत नाही, कारण तीही राखाडीच पाठवते. ड्रायव्हरमध्येच ‘फक्त काळी शाई’ असा पर्याय शोधावा. ‘उच्च दर्जाचे ग्रेस्केल’ असा वेगळा पर्याय दिसल्यास तो मुद्दाम रंगीत शाया वापरणारा असू शकतो. कागदाचा प्रकारही ‘साधा’ ठेवावा, कारण चकचकीत कागद निवडल्यावर अनेक प्रिंटर काळा रंगही मिश्रणातूनच तयार करतात. फक्त काळ्या शाईने छापलेले चित्र थोडे खरबरीत दिसते. अहवालासाठी ते चालते; छायाचित्र महत्त्वाचे असेल तर छिद्रांची तपासणी व सफाई करून मिश्रणच वापरावे.

प्रश्न : आलेखातील लाल आणि हिरवे स्तंभ ग्रेस्केल छपाईत एकसारखे का दिसतात?

उत्तर : रूपांतर करताना साधारणपणे लाल रंगाला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ एवढे वजन दिले जाते. त्यामुळे ० ते २५५ या मापावर २५५ मूल्याचा शुद्ध लाल आणि १३० मूल्याचा गडद हिरवा हे दोन्ही ७६ या एकाच छटेवर येऊन पोहोचतात. रंग बदलत बसण्यापेक्षा एका स्तंभात तिरप्या रेघा भराव्यात किंवा आकडे थेट स्तंभांवरच लिहावेत.

प्रश्न : पारदर्शक पार्श्वभूमीचे पीएनजी बोधचिन्ह छापल्यावर त्यामागे काळी चौकट येते. ती कशी घालवावी?

उत्तर : काही ड्रायव्हरना पारदर्शकता नीट हाताळता येत नाही. बोधचिन्ह पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवून जेपीईजी म्हणून जतन करावे आणि दस्तऐवजात ते नव्याने घालावे. मूळ फाइल बदलणे शक्य नसेल, तर पीडीएफ करून ती ‘प्रिंट ॲज इमेज’ या पर्यायाने छापावी. अक्षरांच्या कडा किंचित मऊ होतील, पण चौकट जाईल.