जुना स्कॅनर, नवा लॅपटॉप: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: घरात कॅननचा कॅनोस्कॅन लाइड २५ आहे. जुन्या संगणकावर छान चालायचा. नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. केबल लावली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या यंत्रांची विंडोजमधली यादी) पिवळं उद्गारचिन्ह येतं. जुन्या विंडोज व्हिस्टाचा ड्रायव्हर (यंत्र आणि विंडोज यांच्यातला दुभाषी प्रोग्रॅम) उतरवून पाहिला, तोही बसत नाही. स्कॅनर बिघडला असेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर: बहुधा नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि ६४ बिट विंडोज ३२ बिटचा ड्रायव्हर घेतच नाही. लाइड २५ साठी कॅननने ६४ बिटचा ड्रायव्हर काढलेला नाही. कम्पॅटिबिलिटी मोड (जुनी विंडोज असल्याचं भासवणारी सोय) लावून तीच फाइल कितीही वेळा चालवा, त्याने फसतो तो फक्त इन्स्टॉलर. ड्रायव्हर लोड व्हायची वेळ आली की गाडी तिथेच अडते.

तरी आधी यंत्राची खातरजमा करा. स्कॅनर उलटा करून कुलपाचं चित्र असलेली कळ 'उघडी' आहे ना ते बघा. हा स्कॅनर वीजही यूएसबीतूनच घेतो, म्हणून केबल थेट लॅपटॉपला लावा, स्वस्तातल्या हबला नको. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उद्गारचिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, डिटेल्स आणि तिथल्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. व्हीआयडी हा कंपनीचा क्रमांक, पीआयडी हा मॉडेलचा. व्हीआयडीपुढे ०४ए९ म्हणजे कॅनन, पीआयडीपुढे २२२० म्हणजे लाइड २५. एवढं दिसलं तर स्कॅनर संगणकाशी नीट बोलतोय, अडलंय ते ड्रायव्हरपाशी. व्हीआयडी ०००० आणि सोबत कोड ४३ दिसला तर मात्र ड्रायव्हर शोधत बसू नका. केबल बदला, पोर्ट बदला. तरीही तेच आलं तर बिघाड यंत्रातच आहे.

आयडी बरोबर असेल तर सगळ्यात कमी खटपटीचा मार्ग व्ह्यूस्कॅन. हे सशुल्क सॉफ्टवेअर कंपनीच्या ड्रायव्हरवर अवलंबून न राहता शेकडो जुने स्कॅनर चालवतं. इन्स्टॉल करताना ड्रायव्हर बसवायची परवानगी मागितली तर द्या. चाचणी आवृत्तीत पानावर वॉटरमार्क येतो, पण स्कॅनर चालतो की नाही ते कळतं. पैसे त्यानंतरच भरा.

पैसे खर्चायचे नसतील तर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या (त्यातलं सगळं पुसलं जाईल), रूफस हे सॉफ्टवेअर वापरून त्यावर मिंट चढवा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. हार्ड डिस्कला हात लावावा लागत नाही. लिनक्समधल्या 'सेन' या स्कॅनर-व्यवस्थेत प्लस्टेक नावाचा भाग लाइड २०, २५ आणि ३० ओळखतो. मेनूतून 'डॉक्युमेंट स्कॅनर' उघडा. पत्रं-कागदांना ३०० डीपीआय (दर इंचातले ठिपके) पुरे, छोट्या फोटोंना ६००. फाइल्स दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्यायला विसरू नका, कारण मिंट बंद केलं की त्या सत्रातलं सगळं जातं.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) ३२ बिट विंडोज ७ टाकून यूएसबी तिकडे वळवणं हाही एक मार्ग आहे. जुनी परवानाप्रत हाताशी असेल तरच त्यात पडा, आणि त्या विंडोजला इंटरनेट देऊ नका.

प्रश्न: नाव-गाव नसलेला जुना वेबकॅम आहे. सीडी हरवली. ड्रायव्हर कुठे मिळेल? – एक वाचक, नाशिक

उत्तर: अशा कॅमेऱ्यांत वरचं लेबल काहीही असो, ओळख आतल्या चिपची. वर सांगितलं तसंच हार्डवेअर आयडी बघा. व्हीआयडीपुढे ०एसी८ असेल तर झेड-स्टारची (व्हिमायक्रो) चिप, ०सी४५ असेल तर सोनिक्सची. मग त्याच यादीत 'कम्पॅटिबल आयडीज' उघडा. तिथे क्लास ०ई दिसलं तर कॅमेरा यूव्हीसी (यूएसबी कॅमेऱ्यांचं सामाईक मानक) जातीचा, म्हणजे वेगळ्या ड्रायव्हरची गरजच नाही. अपडेट ड्रायव्हरमध्ये जाऊन संगणकावरच्या यादीतून स्वतः निवडायचा पर्याय घ्या आणि 'यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस' लावा. चित्र काळंच राहिलं तर सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत कॅमेऱ्याची परवानगी बंद आहे का बघा.

क्लास ०ई नसेल तर आमचं स्पष्ट मत: नाद सोडा. असे बरेचसे कॅमेरे ६४० बाय ४८० च्या पुढे जात नाहीत. त्यापेक्षा अँड्रॉइड फोन वेबकॅम म्हणून जोडा. विंडोज ११ मध्ये ती सोय आहे.

प्रश्न: ड्रायव्हर आपोआप शोधून देणारा 'ड्रायव्हर अपडेटर' घ्यावा का? मायक्रोसॉफ्टच्या कॅटलॉगवरून सीएबी फाइल उतरवली, पण ती उघडून काही इन्स्टॉल होत नाही. – एक वाचक, पणजी

उत्तर: अपडेटर घेऊ नका. कंपनीने न काढलेला ड्रायव्हर तो कुठून आणणार? शिवाय सोबत नको ती सॉफ्टवेअर येतात. मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग मात्र भरवशाचा. तिथे मॉडेलचं नाव नाही, व्हीआयडी-पीआयडीचा तुकडा टाकून शोधा आणि विंडोजची आवृत्ती जुळवून घ्या. सीएबी हे नुसतं गाठोडं आहे. सेव्हन-झिप या सॉफ्टवेअरने एका फोल्डरमध्ये सोडा. आत आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा ते विंडोजला सांगणारी) दिसेल. आता डिव्हाइस मॅनेजरमधून अपडेट ड्रायव्हर, 'ब्राउझ माय कम्प्युटर' आणि तोच फोल्डर.

ड्रायव्हर बसल्यावर कोड ३९ आला तर विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखालचं 'मेमरी इंटेग्रिटी' हे संरक्षण त्या जुन्या ड्रायव्हरला अडवत असण्याची शक्यता आहे. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात, त्यावर एका स्कॅनरसाठी ते बंद करू नका; पहिल्या उत्तरातला मिंटचा पेनड्राइव्ह वापरा.