जुनी ऑटोमॅटिक गाडी : ऑईल कोणते, ॲडिटिव्ह कधी?

प्रश्न : २०१० ची होंडा सिटी ऑटोमॅटिक आहे. १ लाख १५ हजार किलोमीटर झाले, पण गिअरबॉक्सचे ऑईल कधी बदलल्याची नोंद नाही. मेस्त्री म्हणतात, लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑईल) कुठलेही चालते, डेक्स्रॉन-३ दर्जाचे घालू. स्पेअर पार्टचा दुकानदार म्हणतो, जुने ऑईल काढलेत तर गिअरबॉक्स बसेल, म्हणजे निकामी होईल, त्यापेक्षा ॲडिटिव्हची (ऑईलमध्ये मिसळायच्या रसायनाची) बाटली ओता. कुणाचे ऐकावे?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : मेस्त्रींचे अर्धे ऐका. ऑईल बदला, पण डेक्स्रॉन नको. बाटली तूर्त दुकानातच राहू द्या.

लाल रंगाला काही गुण नाही. गळती झाली तर इंजिन ऑईल कोणते आणि गिअरबॉक्सचे कोणते, हे कळावे म्हणून तो घालतात. क्लचप्लेटा एकमेकींना किती चटकन धरतात, धरताना घसरतात की हिसका देतात, हे ऑईलमधल्या घर्षण ठरवणाऱ्या रसायनांवर अवलंबून असते आणि ती प्रत्येक कंपनी आपल्या गिअरबॉक्सप्रमाणे ठरवते. होंडाची रचना तर इतरांहून निराळी. तुमच्या गाडीच्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये इतर ऑटोमॅटिकमधल्या प्लॅनेटरी (मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या) गिअरऐवजी मॅन्युअल गाडीसारखे समांतर शाफ्ट आहेत. त्यासाठी आधी झेड-१ हे ऑईल होते, आता त्याच्या जागी डीडब्ल्यू-१ मिळते. आतल्या जुन्या झेड-१ मध्ये ते मिसळले तरी चालते.

‘ऑईल बदलले की बॉक्स बसतो’ ही समजूत हवेतून आलेली नाही. बॉक्स घसरू लागल्यावरच लोक ऑईल बदलतात, मग तो बसला की दोष नव्या ऑईलवर येतो. म्हणून आधी डिपस्टिकवरचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस-तपकिरी आणि पारदर्शक डाग पसरला तर निर्धास्तपणे बदला. काळा डाग, मधोमध बारीक कण आणि करपल्याचा वास असेल, तर क्लचचे अस्तर झिजले आहे. तिथे ना ऑईल उपयोगी, ना बाटली. ऑईल दुधाळ गुलाबी दिसले तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत शिरले आहे. गाडी चालवू नका, टो करून न्या.

मशीन लावून दाबाने फ्लशिंग करून घेऊ नका, रॉकेल घालून धुणे तर नकोच. बसलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या (गिअरकडे ऑईलचा दाब वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत अडकतो आणि रॉकेलने सील खराब होतात. साधा ‘काढा आणि भरा’ प्रकार तीनदा करा. गाडी थोडी फिरवून सपाट जागी लावा. ड्रेन बोल्टला चौकोनी खाच आहे, त्यात ३/८ इंची रॅचेट थेट बसतो. निघालेले ऑईल मापाच्या भांड्यात मोजा, साधारण अडीच लिटर भरेल. तेवढेच नवे घाला. बोल्टच्या चुंबकावर राखाडी लगदा असणारच, तो पुसून टाका. पत्र्याचे तुकडे किंवा चकचकीत किसासारखे काही दिसले तर काम थांबवा. ॲल्युमिनियमचा वायसर दर वेळी नवा लावा आणि बोल्ट ४९ न्यूटन-मीटरला आवळा. पाइप लावून ओढलेल्या पान्याने केसिंगचा आटा जातो, आणि तो दुरुस्त करणे ऑईलपेक्षा कितीतरी महाग पडते.

आत एकूण सहा लिटर धरले, तर पहिल्या खेपेला सुमारे ४० टक्के ऑईल नवे होते, दुसऱ्या खेपेला ६५, तिसऱ्या खेपेला ८० टक्के. दोन खेपांमध्ये गाडी काही दिवस चालवून सगळे गिअर पडू द्या. एकूण आठ लिटर आणून ठेवा.

पातळी बघण्यात बहुतेकांची गफलत होते. रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत इंजिन गरम करा, बंद करा आणि ६० ते ९० सेकंदांच्या आत डिपस्टिक बघा. ही होंडाची पद्धत आहे. इतर बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच बघतात. पातळी वर गेली तर ऑईलला फेस येतो आणि फेसाने दाब धरत नाही.

चोर्ला किंवा आंबोली घाटात, किंवा हंगामात चिकोडी-संकेश्वर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगताना, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) सतत घसरतो आणि ती वाया गेलेली ताकद ऑईल तापवते. नेहमीचे तापमान ओलांडल्यावर दर १० अंशांना ऑईलचे आयुष्य साधारण निम्मे होते. चढावर खालचा गिअर धरून ठेवा आणि ४० हजार किलोमीटरला ऑईल बदला. ‘आयुष्यभराचे ऑईल’ हे शब्द कोऱ्या गाडीच्या जाहिरातीला ठीक.

प्रश्न : आय-१० ऑटोमॅटिक (१.२, २०११) सकाळी रिव्हर्सला टाकल्यावर दोन-तीन सेकंद हलत नाही. गरम झाल्यावर ठीक चालते. ॲडिटिव्ह घालू का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ॲडिटिव्हचा खरा उपयोग अशाच ठिकाणी होतो, पण आधी पातळी बघा. इंजिन गरम आणि चालू ठेवून लिव्हर सगळ्या जागांतून फिरवा, मग ‘हॉट’ खुणेशी ताडून बघा. कमी असेल तर एसपी-३ दर्जाचे ऑईल भरा. एसपी-४ सहा गिअरच्या बॉक्ससाठी आहे, ते घेऊ नका. पातळी बरोबर असूनही उशीर होत असेल, तर रबरी सील कडक झाली असावीत. सील कंडिशनर त्यांना किंचित फुगवतो आणि मऊ करतो. बाटलीवरचे प्रमाण आतल्या एकूण ऑईलसाठी असते. जेवढे घालाल तेवढे ऑईल आधी काढा आणि एकदाच घाला. वारंवार घातले की सील फुगून गळू लागते. ५०० ते १००० किलोमीटरमध्ये फरक पडला नाही तर पुढची बाटली घेऊ नका. गरम असताना वेग वाढवताच इंजिन नुसते ओरडले आणि गाडी ओढेनाशी झाली, तर तो क्लचचा प्रश्न आहे, सीलचा नाही.

प्रश्न : सेलेरिओ एजीएसला (आपोआप गिअर बदलणाऱ्या सेलेरिओला) एटीएफ लागते का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. तो मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, क्लच दाबायला आणि गिअर टाकायला हायड्रॉलिक यंत्रणा बसवलेली. बॉक्समध्ये साधे गिअर ऑईल जाते आणि त्या यंत्रणेला (ॲक्च्युएटरला) वेगळे द्रव. सीव्हीटी, म्हणजे गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांना तर एटीएफ चुकूनही नको. त्या दोहोंची पकड सीव्हीटीच्याच ऑईलवर राहते.

प्रश्न : उद्यमबागेत हायड्रॉलिक ऑईल ४६ स्वस्त मिळते. तेच गिअरबॉक्सला घातले तर?
– एक वाचक, अनगोळ

उत्तर : प्रेस मशीनमध्ये ते उत्तम. त्यात क्लचसाठीची घर्षणरसायने नसतात. काही दिवस गाडी चालेल, मग गिअर पडताना थरथर सुरू होईल. आधीच घातले असेल तर वर सांगितल्याप्रमाणे तीनदा काढा-भरा करा, तेही थरथर सुरू होण्यापूर्वी.