जाऊबाईंना सांगा, मुलाला घरात कोंडू नका

ताई, तुमचं पत्र मिळालं. अमेरिकेत दिरांची नोकरी जाऊन, वर्क व्हिसावाल्यांना त्यानंतर मिळणारी साठ दिवसांची मुदतही उलटली, म्हणून इमिग्रेशनवाले पकडतील या भीतीने जाऊबाई मुलाला बाहेर काढत नाहीत, हे समजतं. पण ताप आलेलं लेकरू तीन दिवस दवाखान्याविना घरात आहे, हे वाचून पोटात गोळा आला. आज त्याला डॉक्टरकडे न्या. इमर्जन्सीत आलेल्या माणसाला तपासून, धोक्याबाहेर काढणं हॉस्पिटलला १९८६ पासून केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे, व्हिसा असो वा नसो.

शाळेचंही तसंच. इथल्या सुप्रीम कोर्टाच्या १९८२ च्या प्लायलर निकालापासून कागदपत्रं नाहीत म्हणून सरकारी शाळा कुठल्याही मुलाला नाकारू शकत नाही.

मी इथे कॅलिफोर्नियातच शाळेच्या ऑफिसात अकरा वर्षं आहे. शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळं इथे सहसा कारवाई करायची नाही, असा आइसचा, म्हणजे इमिग्रेशनची धरपकड करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचा, २०११ पासून नियम होता. जानेवारी २०२५ मध्ये तो काढला. ते नुसतं परिपत्रक होतं, म्हणून एका झटक्यात गेलं. मुलांच्या शाळेचं दार असल्या कागदाच्या भरवशावर ठेवायलाच नको होतं, असं मला मनापासून वाटतं. आपल्या राज्याने सप्टेंबर २०२५ मध्ये कायदेच केले: कोर्टाचं वॉरंट किंवा आदेश नसेल तर शाळेच्या किंवा दवाखान्याच्या आतल्या भागात आइसच्या लोकांना येऊ द्यायचं नाही.

आम्हाला दोन कागद शेजारी ठेवून शिकवलं. दोन्हींवर ‘वॉरंट’ छापलेलं. एकाच्या माथ्यावर होमलँड सिक्युरिटी खात्याचं (आइस याच खात्यात येतं) नाव आणि खाली त्यांच्याच अधिकाऱ्याची सही. दुसऱ्यावर कोर्टाचं नाव, न्यायाधीशाची सही. पहिला कागद घेऊन कोणी आलं तर मी त्याला काउंटरच्या पुढे येऊ देत नाही, प्रिन्सिपलना बोलावते. जाऊबाईंनाही हा फरक दाखवून ठेवा, घराच्या दारातही तो लागू आहे.

मात्र खोटा दिलासा देणार नाही. रस्ता, दवाखान्याची वेटिंग रूम या उघड्या जागा, तिथे हे कायदे पुरे पडत नाहीत. म्हणून सध्या मुलाला सोडायला-आणायला तुम्ही जा. आणि इमिग्रेशन वकिलाला या आठवड्यातच भेटा, एकेक दिवस मोजला जातो.

मुलाच्या इमर्जन्सी कार्डावर तुमचं नाव आहे का? नसेल तर जाऊबाईंकडून आजच भरून, सही करून घ्या. त्यावर नाव नसलेल्या सख्ख्या काकूच्या हातीही आम्ही मूल देत नाही.